राबाचा कोपरा

एकदा एका डोंगरकुशीतल्या वाडीत कौलारू खोली उभी राहिली. वाडीत एक वृद्ध गुरुजी मुलांना शिकवीत. तालुक्याच्या व्यापाऱ्याने त्यांच्या शाळेसाठी लाकूड दिले, कौले दिली. गुरुजींच्या शिष्याने जमीन सारवली, पाट्या मांडल्या. बारा वर्षे शिकून आलेला तो. आता मोठ्या मुलांना गणित सांगू, काव्य सांगू, असे त्याच्या मनात.

पहिल्याच सकाळी गुरुजींनी काय केले? मोठ्या मुलांना पाट्या घेऊन बाहेर आंब्याखाली बसवले, आणि खोलीत घेतली तीन-चार वर्षांची पोरे. त्यांच्या आया पहाटेच रानात जात. पोरे दिवसभर थोरल्या बहिणींच्या कडेवर असत.

नऊ वर्षांची सोनकी धाकट्या भावाला, गोंद्याला, कडेवर घेऊन दारात उभी होती. मागे रानात जाता जाता थांबलेली तिची आई हिरू.

"बाबा, ह्याचं द्यायचं काय? आमच्यापाशी तर काही नाही," हिरू म्हणाली.

"उद्याही वेळेवर आण, एवढंच दे," गुरुजी म्हणाले. त्यांनी गोंद्याला घेतले आणि सोनकीला आंब्याखाली पाठवले.

मग शिष्याला म्हणाले, "ही लहान मुलं तुझी."

शिष्य हळूच म्हणाला, "गुरुजी, एवढी विद्या घेतली ती शेंबूड पुसायला?"

गुरुजींनी गोंद्याला त्याच्या हाती दिले.

चौथ्या दिवशी व्यापारी आला. खोलीत एक पोर झोपलेले, दोन वालाचे दाणे वाटीत मोजत बसलेली, बाकीची गाण्यावर डुलत होती. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मी शाळा बांधली, तुम्ही पाळणाघर मांडलंत. शिकणारी पोरं उघड्यावर, आणि ही छपराखाली? असंच चालणार असेल तर उद्या कौलं उतरवून नेतो."

आंब्याखाली सोनकीने ते ऐकले. खोली गेली की गोंद्या पुन्हा कडेवर, आणि पाटी दुसऱ्याची. तिने पाटी खाली ठेवली.

"चला शेठ, जरा पाय मोकळे करू," गुरुजी म्हणाले.

चैत्राचे दिवस होते. उतारावर निळसर धूर असा तरंगत होता, की डोंगर झोपेत श्वास घेतो आहे असे वाटावे. बायका डोक्यावरून पालापाचोळा आणून शेताच्या एका लहानशा कोपऱ्यात रचत होत्या. तिथेच शेण, तिथेच माती, आणि खालून मंद विस्तव. मोठ्या मुलांना खोलीकडे लक्ष ठेवायला सांगून शिष्यही मागोमाग आला होता.

गुरुजींनी त्या बायकांतल्या हिरूला विचारले, "एवढं शेत उघडं टाकून सगळा पाला या कोपऱ्यातच का गं?"

"थट्टा करता का बाबा? हा राब, रोपासाठी भाजायची जागा. भाताचं रोप हितंच वाढायचं, मग उपटून सगळ्या शेतात लावायचं. हितं खुरटलं, तर पुढं गाडीभर खत घाला, उभं राहत नाही."

"आणि रोपाकडून पाल्याचं मोल घेतेस की नाही?"

हिरू पदर तोंडाला लावून हसली. "रोप काय देणार हो? त्याला अजून मूळ धरायचंय."

गुरुजी व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, तुमच्या नातवाचा राब घरातच भाजला जातो. कुणी गोष्ट सांगतं, कुणी बोट धरून चिमणी दाखवतं. हिरूच्या घरी प्रेम आहे, वेळ नाही. थोरली पोरं झाडाखालीही शिकतील. या लहानग्यांचे दोन-तीन पावसाळेच आपल्या हाती आहेत. आणि यातलं एक पोर आत बसलं, की एक बहीण बाहेर पाटी धरते."

व्यापाऱ्याने धुराकडे पाहिले. मग म्हणाला, "कौलं राहू द्या."

ते परतले तेव्हा खोलीत गोंद्या रडत होता. सवयीने सोनकी उठू लागली.

"तू बस. मी आहे," शिष्य म्हणाला.

त्याने आत जाऊन गोंद्याला मांडीवर घेतले, आपल्या उपरण्याने त्याचे नाक पुसले, आणि वालाचा एक दाणा त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा किती रे?"

गोंद्याने रडणे थांबवून दाण्याकडे पाहिले. बाहेर सोनकीने पाटी पुन्हा मांडीवर घेतली.