तीन वाट्यांतलं जिवंत दही

अरे, माझ्या मैत्रिणीची, मृण्मयीची गोष्ट ऐक! भर दुपारी बारा वाजता ती दही घ्यायला एका नव्याच दुकानात शिरली आणि मागचं दार आपोआप बंद झालं. आत सात-आठ गिऱ्हाईकं उभी होती, पण एकाचीही पापणी हलेना!

मालकाला सावलीच नव्हती. त्याने तीन वाट्या पुढे सरकवल्या. "तब्येतीला चांगलं, म्हणजे जिवंत दही ओळख. आजवर कुणाला जमलं नाही. चुकलीस की यांच्यातच उभं राहायचं!"

मृण्मयी म्हणाली, "काका, आमच्याकडे दही नुसतं बघून ओळखत नाहीत. विरजण लावून बघतात."

तिच्या पिशवीतलं दूध उन्हाने कोमट झालं होतं. दुकानातल्याच तीन पेल्यांत तिने ते ओतलं, प्रत्येकात एकेका वाटीतलं चमचाभर दही घातलं आणि चक्क बसून राहिली. संध्याकाळ झाली, तरी तिन्ही पेल्यांत दूध पातळच!

"बोल, कुठलं?" मालक खेकसला.

"एकही नाही. काका, या दुकानात जिवंत अशी मी एकटीच आहे."

मालकाने दचकून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ठोका शोधत बराच वेळ तसाच ठेवला. मग त्याने दार उघडलं.