संगणकातला रस्ता

तालुक्याला नव्यानं आलेल्या गुळवणी साहेबांनी अंतर आणि वेळ मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं, आणि त्यांना सगळेच कामचुकार दिसू लागले. पहिल्या तडाख्यात सापडल्या उंबरवाडीला लस नेणाऱ्या आरोग्यसेविका वत्सलाबाई ढेबे.

"संगणक म्हणतो चार किलोमीटर, दहा मिनिटं. तुम्हाला दोन तास लागतात? सोमवारी मी स्वतः येतो. दहा मिनिटांत पोचला नाहीत, तर बदली!"

बाईंनी पडद्यावरची रेघ नीट न्याहाळली. "रस्ता खरा आहे, साहेब. माझी आजी याच रस्त्यानं बैलगाडीतून नांदायला आली. तुम्ही याच रस्त्यानं या."

सोमवारी साहेबांची गाडी दुसऱ्याच किलोमीटरला थांबली. रस्ता सरळ धरणाच्या पाण्यात शिरला होता. पलीकडे उंबरवाडीची कौलं दिसत होती. काठावर वत्सलाबाई ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब घेऊन उभ्या होत्या.

"धरण होऊन चाळीस वर्षं झाली, साहेब. संगणकाला कुणी कळवलं नाही वाटतं," असं म्हणत बाईंनी ट्यूब त्यांच्या हातात दिली. "ही एकच मिळाली, ती तुम्हाला. मी आपली लस घेऊन वळसा घालून येते. तुम्ही दहा मिनिटांत पोचालच, तेवढी माझी गैरहजेरी मांडून ठेवा."