खड्डा उचलून न्या!

"सहा महिन्यांपूर्वी घर सोडलंत, पण खड्डा कुठं नेलात?" जुना घरमालक माणकूशेट म्हणाला. "खड्डा माझ्या घरात आहे, म्हणजे तुम्ही माझ्या घरात आहात. सहा महिन्यांचं भाडं टाका, नाहीतर माग चालला!"

आणि खरंच, शेटच्या माणसांनी लिंबाजी विणकराचा माग उचलून गाडीत घातलाही. मागावर पाटलांच्या लेकीच्या लग्नाचं लुगडं अर्धं विणलेलं होतं. लग्न आठ दिवसांवर आलेलं. लिंबाजी डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको सगुणा मात्र फिर्याद घेऊन थेट राजवाड्यावर गेली. मागोमाग शेटही आला.

आता हा खड्डा म्हणजे काय? हातमागावर विणायला बसायचं तर पाय सोडायला जमिनीत खड्डा लागतो. विणकर काठावर बसतो आणि खड्ड्यातल्या पावड्या पायानं दाबत विणतो. घर बदललं की तो माग घेऊन जातो, खड्डा मागे राहतो. आजवर कुठल्याही विणकरानं खड्डा गाठोड्यात बांधून नेलेला नव्हता. पण आजवर कुणाची गाठ माणकूशेटशीही पडलेली नव्हती. उंदरानं घरात बीळ केलं तर त्याच्याकडूनही हा भाडं मागेल, असं गावात म्हणत, आणि ते ऐकून शेटला आपली स्तुती झाल्यासारखं वाटे.

नीळकंठराजांचा दरबार उठायच्या बेतात होता. राजांना भूक लागली होती, आणि भुकेल्या पोटी ते फार झटपट न्याय देत.

"महाराज, आम्ही खड्डा बुजवून देतो," सगुणा म्हणाली. "आजच देतो. तेवढा माग सोडवा."

"बुजवायचा नाही!" शेट ओरडला. बुजवून कसं चालेल? तयार खड्ड्याचं घर म्हणून दुसऱ्या एका विणकराला त्यानं ते वाढीव भाड्यानं कबूल करून ठेवलं होतं. ते पोटातच ठेवून तो म्हणाला, "महाराज, खड्डा यांनी खणला, म्हणजे खड्डा यांचा. घर सोडणाऱ्यानं आपली वस्तू न्यावी, दुसऱ्याच्या घरात पुरून ठेवू नये. मी काय चुकीचं बोललो?"

राजांच्या नाकात एव्हाना मुदपाकखान्यातला वास शिरला होता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "खड्डा बाईचा. उद्या सूर्य मावळायच्या आत तिनं तो उचलून न्यावा. नेला तर भाडं माफ, माग परत. घरात राहिला तर भाडं द्यावं, आणि माग शेटचा. आम्ही एकदा बोललो की बोललो!"

दरबारी माना डोलावून जेवायला गेले. कुणाला काही खटकलं असेल, तर त्यानं ते भाताबरोबर गिळलं.

सगुणा मात्र घरी आली ती हसतच. "अहो, उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळ्या दिरांना बोलवा. कुदळी आणा, फावडी आणा. उद्या खड्डा न्यायचाय."

"अगं, खड्डा कसा नेणार?"

"खुंटा कसा नेतो आपण? आधी भोवतीची माती मोकळी करायची."

सकाळी सहा दीर आणि त्यांच्या बायका दोन बैलगाड्या घेऊन शेटच्या त्या घरी हजर झाले. शेटनं कुलूप काढून दिलं आणि गंमत बघायला पान लावून तो ओट्यावर बसला. पान संपायच्या आत खड्ड्याच्या चारी बाजू हातभर खणून झाल्या होत्या. दुसरं पान संपेपर्यंत मधली खोली गेली. तिसरं पान शेटच्या हातातच राहिलं, कारण कुदळ चुलीपर्यंत आली होती.

"अगं बाई, हे काय चालवलंयस!"

"खड्डा सोडवतेय शेटजी. फार घट्ट बसलाय!"

शेट धावत सुटला तो राजवाड्यावर. सूर्य कलला होता. राजे जेवून, झोप काढून प्रसन्न बसले होते. हकीकत ऐकून ते स्वतःच बघायला आले. घरात जमीन म्हणून उरलीच नव्हती. नुसत्या भिंती उभ्या, आणि मध्ये कमरेइतक्या खड्ड्यात पदर खोचलेली सगुणा.

"हे काय, बाई?" राजांनी विचारलं.

"महाराज, सकाळपासून आपला हुकूम पाळतेय. पण हा मेला खड्डा बाहेर यायचं सोडून मोठाच होतोय! आता भिंतीखालची माती तेवढी राहिलीय. ती काढली की येईलच."

"भिंतीखालची?" शेट किंचाळला. "महाराज, थांबवा हिला! नको तो खड्डा न्यायला, राहू दे इथंच!"

"राहू दे कसा?" सगुणा म्हणाली. "राहिला तर माझ्यावर भाडं चढतं. महाराज एकदा बोलले की बोलले. दादांनो, घ्या कुदळी!"

"थांब थांब! भाडं नको मला! मागही घेऊन जा!"

राजे मिशीवर बोट ठेवून उभे होते. आपलाच न्याय आपल्यासमोर खड्ड्यात उभा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. "पण बाई," ते हळूच म्हणाले, "आमचा शब्द आहे. खड्डा तुझा असेपर्यंत त्याचं काहीतरी करावं लागेल."

"मग शेटजींनी तो माझ्याकडून ताब्यात घ्यावा," सगुणा हात झटकत म्हणाली. "चार लोकांदेखत मोजून घ्यावा. आम्ही दोन हातांचा खड्डा खणून राहिलो होतो, आज घरभर खड्डा देतोय. जास्तीचा जो आहे, तो सहा महिन्यांच्या भाड्यापोटी घ्या शेटजी. कमी पडत असेल तर सांगा, अजून खणून देते!"

राजे असे हसायला लागले, की त्यांना खड्ड्याच्या काठावर बसावंच लागलं. शेटनं मुकाट्यानं खड्डा ताब्यात घेतला, आणि माग दिरांच्या बैलगाडीतून लिंबाजीच्या घरी गेला. पाटलांच्या लेकीचं लुगडं वेळेत उतरलं. राजांनी सगुणेला राजवाड्याच्या मागची जागा कायमची बक्षीस दिली आणि वर हौसेनं विचारलं, "माग बसवायला खड्डा आमच्या माणसांकडून खणून देऊ का?"

"नको महाराज," सगुणा म्हणाली. "आपण दिलेला खड्डा उद्या परत मागितलात, तर राजवाडा खणावा लागेल!"