हौसाचा बांध

पाव्हणं, तो नारळ पिशवीतच राहू द्या. या बांधावर नारळ फुटत नाही, शेंदूर लागत नाही. देव मानतो आम्ही, पण तो वर देवळात. इथं नाही.

फार मागं, म्हणे, हा बांध दरसाल फुटायचा. माळाची सगळी माती ओढ्यात जायची आणि शेतात नुसते धोंडे उरायचे. गावानं बकरं दिलं, रेडा दिला. बांध काही राहीना. मग भगताच्या अंगात आलं आणि त्यानं बांधापाशी जिती गाडायला सुवासीण मागितली. पाटलाची धाकटी सून हौसा, तिला ना आई ना भाऊ. विचारायला कोण येणार? तिचंच नाव निघालं. हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून तिला इथं आणली.

बांधालगत खड्डा खणून तयार होता. पण हौसाच्या भीतीपेक्षा तिचा राग मोठा होता, असं सांगतात. ती काठावरच बसली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, तुम्ही बांध घातला सरळ सुतात. खोलगटात पाणी तुंबतं, त्याला कडेनं वाट न्हाई, मग ते फोडूनच जाणार. चूक तुमची आन् जीव माझा? एक पावसाळा द्या. माझा बांध फुटला तर माझ्या पायानं या खड्ड्यात येईन."

भर गावात पाटलाला नाही म्हणता येईना. पण भगताच्या धाकानं एक गडी कामाला हात लावीना. हौसानं एकटीनं पाटी उचलली. मग एकेक करत गावातल्या सुना आल्या, कारण उद्याची पाळी त्यांच्यातलीच कुणाची तरी होती. जुना बांध मोडून त्यांनी उताराला आडवा, त्याच्या वळणानं वळत जाणारा नवा घातला. कडेला जादा पाणी निघून जायला दगडी सांडवा ठेवला.

आषाढात पावसानं झोडपलं. सगळं गाव खड्ड्यापाशी जमलं. पाणी बांधाला चढलं, वळलं आणि सांडव्यातून निघून गेलं. माती जागच्या जागी राहिली.

तेव्हा पाटील शेंदूर घेऊन आला, म्हणे, सुनेच्या नावानं धोंडा मांडायला. हौसा कडाडली, "जिती गाडता आली न्हाई, म्हणून आता देवी करून गाडता व्हय? ठेवा तो शेंदूर. पाटी उचला."

पाटलानं उचलली.

आजही वैशाखात बांधाची डागडुजी निघते. माती वाहायची ती गावातल्या सासऱ्यांनी. नव्या सुना बाभळीच्या सावलीत बसून ती कुठं टाकायची ते सांगतात, आणि पाटी अर्धी वाटली तर परत धाडतात. गेल्या साली माझ्या सुनेनं मला धाडलं. गेलो की गुमान.