भुऱ्या थांबला तेव्हा

खूप मागची गोष्ट आहे. तेव्हा वाटा होत्या, रस्ते नव्हते. एका गावात दोर वळणारा एक म्हातारा राहायचा. डोळ्यांनी पार आंधळा, पण बोटं अशी की त्याने वळलेला दोर बैलांनी ओढला तरी तुटायचा नाही. सगळे त्याला बाबा म्हणत.

बाबांचे डोळे म्हणजे त्यांचा कुत्रा, भुऱ्या. दर आठवड्याला दोघं पलीकडच्या गावी अंबाडीचा वाख, म्हणजे दोर वळायचे धागे, आणायला जात. पुढे भुऱ्या, मागे त्याचा दोर धरून बाबा. भुऱ्या थांबला की बाबा थांबत, तो वळला की बाबा वळत. वाख आला तर दोर, दोर गेला तर भाकरी, असं दोघांचं चाललं होतं.

वाटेत एक मोठा मळा होता. मळेवाल्याची चार कुत्री दिवसभर मोकळी असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावत. कोणी तक्रार केलीच, तर मळेवाला ओट्यावर बसूनच सांगायचा की ती काही करत नाहीत, खेळतात. अहो, कुत्रं मालकाला चावत नाही म्हणून जगाला चावत नाही, हे याला कोणी सांगितलं होतं? पण मोठ्या माणसाला विचारणार कोण.

भुऱ्या मात्र शहाणा. मळ्याच्या अलीकडे वाटेला फाटा होता. तिथे तो थांबे, वारा हुंगे आणि ओढ्याकडे वळे. अर्धा कोस जास्त पडायचा, पण दोघं धडधाकट घरी येत.

गावाला काय, हसायला कोणीतरी लागतंच. पारावरची मंडळी बाबांची थट्टा करू लागली. एकाने तर भर बाजारच्या दिवशी सुनावलं, "बाबा, तुमच्या भुऱ्याला बांगड्या भरा की."

बाबाही हसले. पण ते बोलणं त्यांना लागलं, आणि पुढच्या खेपेपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

त्या खेपेला भुऱ्या नेहमीसारखा फाट्यावर थांबला. बाबांनी दोर मळ्याच्या वाटेला ओढला. तो हलेना. त्याचं अंग थरथरत होतं, ते दोरातून बाबांच्या हाताला कळत होतं.

"चल," बाबा म्हणाले. "आज सरळच जायचं."

आणि भुऱ्या गेला. बाबांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

आधी लांबून एक भुंकणं आलं. मग जवळून दुसरं. मग भुंकणं थांबलं आणि नुसती पावलं ऐकू येऊ लागली. किती ते कळेना, कुठून ते कळेना. भुऱ्या गेला तर मी कसा जगू, एवढंच मनात आलं. घाबरून त्यांनी दोराचे दोन वेढे मनगटाला दिले आणि त्याला पायाशी ओढून धरलं. आता त्या बिचाऱ्याला पळताही येईना, लढताही येईना. बाबा काठी फिरवत राहिले, ती वाऱ्यालाच लागत होती. दोर चांगला होता, तुटला नाही.

शेवटी मळ्यातला गडी धावत आला आणि त्याने कुत्री हाकलली. मळेवाला ओट्यावरूनच म्हणाला, आजवर असं कधी झालं नव्हतं.

भुऱ्या जगला. महिन्याभरात जखमा भरल्या, भीती मात्र गेली नाही. त्यानंतर फाटा आला की तो खाली बसायचा. मळ्याकडे नाही, ओढ्याकडेही नाही. बाबांनी पुन्हा कधी दोर ओढला नाही. ते त्याच्या शेजारी बसत, पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "चुकलं रे माझं." मग दोघं रिकाम्या हाताने घरी परतत.

वाख संपला, तसे दोर थांबले आणि चूल एक दिवसाआड पेटू लागली. पारावरचं कोणीही वाख आणून द्यायला गेलं नाही. ती मंडळी तोवर दुसऱ्याच कोणाला तरी हसू लागली होती.

म्हणून लहानथोरांनो, ज्याच्या भरवशावर चालता, तो थांबला तर थांबा. हसणारे वाटेत सोबत येत नसतात.