जातेच आहेस तर...

डोंगराच्या अल्याड एका गावात एक सुईण राहायची. गावातली निम्मीअधिक पोरं तिच्याच हातांत जन्मलेली, म्हणून लहानथोर सगळे तिला आक्का म्हणायचे. आक्काचा हात हलका, स्वभाव गरीब आणि तोंडात 'नाही' हा शब्दच नाही. पहिल्या दोन गोष्टींचा गावाला फार उपयोग व्हायचा आणि तिसरीचा त्याहून जास्त.

भाद्रपदातल्या एका दुपारी डोंगराच्या पल्याडहून निरोप आला. तिकडच्या गावात आक्काची एकुलती एक लेक येसू दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. निरोप्या गडी धापा टाकत म्हणाला, "आक्का, मूल पोटात आडवं आहे. आमच्याकडची म्हातारी दाई म्हणते, हे माझ्या हातचं काम नाही. आजउद्या कळा सुरू होतील. तुम्ही आलात तरच काही खरं." एवढं सांगून तो तसाच पुढच्या गावी वैद्याकडे पळाला.

आडवं मूल तेलाच्या हाताने, दमादमाने वळवून सरळ करायची विद्या त्या पंचक्रोशीत आक्काला एकटीलाच येत होती. पण जायचं कसं? गाडीवाटेने चार दिवस लागायचे. खिंडीतून चढून गेलं तर एका दिवसात पोचता यायचं. मात्र भाद्रपदात दुपार झाली की खिंडीत ढग उतरायचे आणि हातभर अंतरावरचं दिसायचं नाही. म्हणजे उजाडताच निघायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत खिंड ओलांडायची. त्यासाठी पाय झपाझप उचलायला हवेत आणि पाठीवरचं ओझं बेताचं हवं.

ओझं कसं बांधावं हे आक्काला कुणी शिकवायला नको होतं. अशा वाटा तिने जन्मभर तुडवल्या होत्या. पितळेचा तांब्या तिने बाजूला सारला आणि पाण्यासाठी वाळलेला भोपळा घेतला. भाकऱ्यांऐवजी सातूचं पीठ आणि गुळाचा खडा घेतला, कारण पीठ पाण्यात कालवलं की पोट भरतं आणि भाकरीच्या निम्मंही वजन होत नाही. दुसरं लुगडं घेतलं नाही. घोंगडी मात्र घेतली. पावसात तिची खोळ होते, थंडीत ती पांघरता येते आणि पाय मुरगळलाच तर तिच्यातच बांधून माणसाला उचलून नेता येतं. तळाशी तिच्या कामाचं गाठोडं होतं. त्यात तेलाची बाटली, नाळ कापायची पात, दोरा आणि जुन्या लुगड्याची मऊ फडकी होती.

सगळं पाठीला बांधून आक्का ओट्यावर चढली आणि तीन उड्या मारल्या. पन्नाशी उलटलेली बाई उड्या मारतेय म्हणून हसू नका. उडी मारल्यावर आत काही खुळखुळलं की ते वाटेत पाठीला बोचणार, हे तिला ठाऊक होतं. काहीच खुळखुळलं नाही. आक्काला जरा धीर आला.

तेवढ्यात शेजारीण आली. हातात लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी होती.

"आक्का, खिंडीपलीकडे निघालीस म्हणे? जातेच आहेस तर माझ्या नणंदेला एवढं दे ना. एवढंसंच आहे बघ."

'एवढंसं' चांगलं दोन शेर होतं. आक्काने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते "बरं". बरणी बसेना, म्हणून तिने सातूचं पीठ काढून ठेवलं. गुळाच्या खड्यावर भागेल की एक दिवस, असं ती मनाशी म्हणाली.

मग पाटलीणबाई आल्या. त्यांच्या भाचीला लग्नात द्यायची राहिलेली पितळी समई घेऊन. "जातेच आहेस तर! कधीची पडून आहे गं घरात." पाटलीणबाईंना नाही म्हणायची त्या गावात कुणाची छाती होती? समई आत गेली आणि भोपळा बाहेर आला. वाटेत झरे असतातच, असं आक्काने स्वतःला समजावलं. खिंडीच्या वरच्या अंगाला एकही झरा नाही, हे तिला माहीत होतं. तरी समजावलं.

दिवेलागणीला दुकानदारीण आली ती वरवंटा घेऊन. "माझ्या बहिणीचा वरवंटा फुटलाय. तिकडे म्हणे चांगला दगडच मिळत नाही."

आता ऐका! डोंगरातल्या गावात दगड मिळत नाही! पण आक्काला हसूही आलं नाही. तिने वरवंट्याकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं. तिने घोंगडी बाहेर काढली. 'घोंगडीवाचून खिंडीत जाऊ नये' हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पण वरवंटा परत दिला तर ही बाई चार घरी सांगत फिरेल, आक्काला काय झालं एवढासा वरवंटा न्यायला! त्या विचाराने तिने घोंगडी खुंटीला अडकवली.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. येसू कण्हत असेल का? कळा सुरू झाल्या असतील का? आणि एवढं ओझं घेऊन आपल्याला चढवेल का?

उजाडताच ती निघाली. वेशीपाशी मास्तरीणबाई पल्याड धाडायचे दोन नारळ घेऊन उभ्याच होत्या. गाठोड्यात तर जागा उरली नव्हती. "मग हातात धर ना," त्या म्हणाल्या. दोन हात, दोन नारळ. आक्काने हातातली काठी वेशीच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि डोंगराकडे चालायला लागली.

पहिल्या चढालाच वरवंटा कमरेवर आदळायला लागला. समईचं टोक पाठीत घुसत होतं. निसरड्या पायऱ्यांवर धरायला हात मोकळे नव्हते, म्हणून ती नारळ छातीशी धरून गुडघ्यांवर चढत होती. घसा सुकून गेला होता. दर दहा पावलांवर थांबायचं आणि वर बघायचं. सूर्य तिच्यापेक्षा भराभर चढत होता. 'थांब रे बाबा, जरा थांब,' ती पुटपुटत होती. तो कशाला थांबतोय!

खिंड अजून वरच होती आणि ढग उतरले. आधी झाडं दिसेनाशी झाली, मग वाट. गार वारा ओल्या लुगड्यातून हाडांत शिरला. आक्काचा पाय घसरला, ती पाठीवर आपटली आणि दोन्ही नारळ गडगडत दरीत गेले. कसंबसं उठून ती एका कपारीपाशी बसली. तिचे दात वाजत होते. आता रडूच फुटलं. लेक तिकडे अडली आहे आणि आई इथे बसली आहे, या विचाराने तिचा जीव नुसता तडफडत होता.

घंटांचा आवाज आला. ढगातून आधी मेंढ्या आल्या आणि त्यांच्यामागून एक म्हातारी धनगरीण. ती पल्याडून मेंढ्या घेऊन खाली उतरत होती.

"बये, अशा ढगात कुठं निघालीस? आणि हे काय, घर बदलतीयस का?"

आक्काने रडत रडत लेकीचं सांगितलं. धनगरणीने गाठोड्याला हात लावला. "एवढं काय आहे यात?"

"बरणी आहे. समई आहे. वरवंटा आहे."

"वरवंटा?" म्हातारीने नाकावर बोट ठेवलं. "आणि पाणी? घोंगडी?"

"घरी राहिली."

"मग अडलीय कोण गं? तुझी लेक का ती समई?"

आक्काने मान खाली घातली. "म्हातारे, ही लोकांची ठेव आहे. इथे टाकली तर त्यांना तोंड कसं दाखवू?"

"आणि लेकीला कसं दाखवशील?"

आक्काला खरं तर तेव्हाही ते ओझं टाकवलं नसतं. सवय का एका प्रश्नाने सुटते? ती उठली, गाठोडं पुन्हा पाठीला लावायला लागली. तोच धनगरीण ओरडली, "अगं, तुझ्या पाठीवरून काय गळतंय?"

आक्काने पाठीला हात लावला. हात तेलकट झाला.

तिने भराभरा गाठी सोडल्या. मघाशी आपटली तेव्हा वरवंटा तेलाच्या बाटलीवर बसला होता आणि बाटलीचा चुरा झाला होता. पाच झाडपाल्यांचं, आठ दिवस मुरवलेलं ते तेल मूठभर फडक्यांत जिरलं होतं, बाकीचं वाहून गेलं होतं. त्या तेलावाचून मूल वळवायचं कसं? सगळ्या गाठोड्यात जी एक वस्तू येसूला वाचवणार होती, तीच फुटली होती. आणि बरणीला मात्र साधा टवकाही गेला नव्हता.

आक्काने डोळे पुसले. मग एकेक वस्तू उचलून कपारीत ठेवली. बरणी, समई आणि शेवटी तो वरवंटा. काचा झटकून तेलकट फडकी तिने पोटाशी बांधली, पात आणि दोरा कनवटीला खोचला आणि मोकळ्या हातांनी उभी राहिली.

धनगरणीने आपली घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली, काठी हातात दिली आणि पाण्याचा भोपळा तिच्या तोंडाला लावला. "वाट दिसणार नाही. खाली बघत चाल. माझ्या मेंढ्यांच्या लेंड्या पडल्यात, त्या धरून जा. थेट गावात पोचशील. मी खालच्या माळावर असते, घोंगडी येताना दे."

आक्का कमरेत वाकून, जमिनीवर नजर ठेवून निघाली. लेंडी दिसली की पाऊल, लेंडी दिसली की पाऊल. मध्येच एका वळणावर काहीच दिसेना, तेव्हा ती जागच्या जागी बसली आणि हाताने चाचपडत राहिली. पुन्हा लेंडी हाताला लागली तेव्हा तिला एवढा आनंद झाला, की सोन्याची पुतळी सापडली असती तरी झाला नसता.

दिवेलागणीला ती येसूच्या दारात पोचली. कळा दुपारपासूनच सुरू होत्या. येसूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, किती उशीर केलास गं," एवढंच ती म्हणाली. ते शब्द आक्काला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिले.

तिने हात धुतले, शेकले आणि पोटाशी बांधलेलं फडकं पिळलं. दोन थेंब आले. दोन थेंबांत जेवढं होईल तेवढं करायचं आणि पुढचं फडकं घ्यायचं. एक फडकं झालं, दुसरं झालं. मूल हलेना. तिसऱ्याला आक्काच्या बोटांखाली काहीतरी सरकलं. चौथ्याला डोकं खाली आलं. शेवटचं फडकं पिळलं तेव्हा त्यातून काहीच निघालं नाही आणि सुदैवाने त्याची गरजही उरली नव्हती. पहाटे मुलगी जन्मली. आधी रडेचना. आक्काने तिला उलटी धरली, पाठ चोळली, धनगरणीच्या घोंगडीत गुंडाळून छातीशी घेतली. आणि मग पोर अशी काही किंचाळली, की सगळं घर हसायला लागलं. आक्का तेवढी खाली बसून ढसाढसा रडली.

दुसऱ्याच दिवशी आक्काने, ज्यांच्यासाठी वस्तू होत्या त्या तिन्ही घरी निरोप धाडला, तुमची वस्तू खिंडीच्या कपारीत आहे, घेऊन या. सव्वा महिन्याने ती परत निघाली, तेव्हा बरणी, समई आणि वरवंटा तिथेच होते. कुणी आणायला गेलंच नव्हतं. वरवंट्यावर तर शेवाळ धरायला लागलं होतं. आक्का त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिली आणि पुढे चालू लागली. खालच्या माळावर तिने धनगरणीची घोंगडी आणि काठी परत केली. वेशीला तिची स्वतःची काठी होती तशीच टेकून उभी होती.

शेजारीण धावत आली. "आलीस का आक्का? माझं लोणचं पोचलं का गं?"

"मी पोचले," आक्का म्हणाली.

शेजारणीला आत्ता कुठे येसूची आठवण झाली आणि ती ओशाळली.

पुढच्या वर्षी खिंडीपलीकडून पुन्हा बोलावणं आलं, दुसऱ्या कुणा अडलेल्या बाईसाठी. आक्काने ओझं बांधलं, ओट्यावर उड्या मारल्या. शेजारीण आलीच, हातात नवी बरणी. "आक्का, जातेच आहेस तर..."

आक्काने तिला ओट्यावर बसवलं, गाठोडं सोडलं आणि सगळं तिच्यापुढे मांडलं. "नेते की. पण यातलं काय काढू ते तू सांग. तू काढशील तेवढ्याच जागेत बरणी घालते."

शेजारणीने भोपळ्याला हात लावला आणि मागे घेतला. घोंगडीला लावला, तोही मागे घेतला. तेलाच्या नव्या बाटलीकडे तर तिला नीट बघवेना. शेवटी ती बरणी काखेत मारून उठली.

"नुसतं सांग माझ्या नणंदेला. म्हणावं, वहिनीने आठवण काढलीय."

"ते नेते," आक्का म्हणाली आणि गाठोडं बांधायला लागली.

तात्पर्य: कुणी 'एवढंसं' पुढे केलं की ते किती जड आहे हे बघू नका, ते घेण्यासाठी आपलं काय बाहेर काढावं लागतंय हे बघा.