अनुलाअक्काच्या घरचं पाणी

पूर्वी भोगवर्धन नगरात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दवंडी देणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचा ढोल जुना होता आणि आवाज खणखणीत. त्या नगरात दवंडीची एक रीत होती. ज्याच्या घरची वार्ता, त्याच्या घरी आधी जायचं, काय झालं ते डोळ्यांनी पाहायचं, त्या घरचं घोटभर पाणी प्यायचं आणि घरातल्या थोरल्या माणसाला विचारायचं, काय सांगू? त्याशिवाय ढोलाला हात लावायचा नाही. नगरातले लोक अभिमानाने म्हणत, आम्ही दवंडीशिवाय कशावर विश्वास ठेवीत नाही. म्हणत तसं. वागत कसं, ते पुढे येईलच.

राजाचा मंत्री विशाख. त्याला आईबाप आठवत नव्हते. थोरल्या बहिणीने, अनुलाअक्काने, वाढवून मोठा केला होता. त्या वर्षी तळ्यात पाणी कमी होतं. वाडीवाल्यांच्या फळबागांना पाटाचं पाणी आठवड्यातून तीन दिवस मिळे, त्यातला एक दिवस काढून विशाखाने खालच्या शिवाराला दिला. वाडीवाले संतापले. बाजारात बसून ते रोज म्हणू लागले, या मंत्र्याचं टाळकं एकदा फोडलं पाहिजे. बोलणाऱ्यांच्या मनात तसं काही नव्हतं. वैतागलेला माणूस बोलतो, तसं ते बोलत होते. बोधिसत्त्वाचंही वाडीत केळीचं लहान बन होतं आणि तेही वाळत चाललं होतं. त्यालाही मंत्र्याचा राग होता. उगाच कशाला लपवायचं?

एका सकाळी अनुलाअक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. हातात कुदळीचा दांडा घेतलेला एक माणूस दारातून आत आला आणि म्हणाला, "मंत्री कुठे आहे?" ती म्हणाली, "पाटावर गेलाय. बस, पाणी देते." त्याने दांडा उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. ती सुपावरच कोसळली. गड्यांनी त्या माणसाला धरून बांधलं. मग घरातल्यांनी अक्काला उचलून आत नेलं आणि वैद्याला बोलावणं धाडलं.

घटकाभरात बातमी बाजारात पोचली, आणि बाजाराने तिचं काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. एक म्हणाला, म्हातारी शिंक्यावरचं दही काढताना पडली असेल, आता वाडीवाल्यांचं नाव घेतील. दुसरा म्हणाला, भावानेच मारलं असेल, लोकांची दया यावी म्हणून. वाडीतला पुण्णक नावाचा कोहळेवाला तर कोहळ्यावर कोयता उगारून ओरडू लागला, "घ्या, अक्काचं डोकं घ्या, एका घावात दोन फाका." लोक पोट धरून हसले. हा पुण्णक बोधिसत्त्वाचा मेहुणा.

मंत्र्याच्या बाजूचे लोकही काही कमी नव्हते. ते कुऱ्हाडी घेऊन त्याच्या दारापुढे जमले. अक्का गेली तर वाडीतलं एकही झाड उभं ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. झाडं तोडायला गेलेली माणसं झाडांवर थांबत नाहीत, हे वाडीतल्या बायकांना ठाऊक होतं. त्यांनी दारं लावून घेतली. आता सगळं त्या एका म्हातारीच्या जिवावर येऊन ठेपलं होतं.

बोधिसत्त्व ढोल गळ्यात अडकवून निघाला. बाजारात पुण्णकाने त्याला अडवलं. "दाजी, म्हातारी दह्यापायी पडली, अशी दवंडी द्या की. सगळं गाव हसेल."

"मी अजून पाणी प्यायलो नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

मंत्र्याच्या दारात कोतवाल उभा होता. त्याने बोधिसत्त्वाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "हे वाडीवाल्यांचं काम आहे अशी दवंडी दे. तुझ्या केळींना पूर्वीसारखं तीनही दिवस पाणी मिळेल, तो शब्द माझा." बोधिसत्त्वाला आपली पिवळी पडलेली केळ आठवली. क्षणभर त्याचं मन हललं, असं सांगतात. मग तो म्हणाला, "आधी पाणी पिऊन येतो."

आत अक्का चटईवर पडली होती. डोक्याला गुंडाळलेलं लुगडं रक्ताने भिजलं होतं. वैद्य जडीबुटी पुढे घेऊन नुसता बसला होता. बोधिसत्त्वाने रीतीप्रमाणे पाणी मागितलं, तेव्हा वैद्य त्याच्यावर खेकसला, "पाणी असतं तर मी असा बसलो असतो का?"

झालं होतं ते असं. नगरात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि ती वाडीत. वाडीतल्या बायका रोज सकाळी या घरी घागरी आणून देत. आजही त्या आल्या होत्या. पण दारावरच्या लोकांनी, वाडीवाल्यांच्या हातचं पाणी नको, म्हणून त्यांना हाकलून घागरी ओतून दिल्या. ज्या अक्कासाठी ते जीव द्यायला निघाले होते, तिची जखम धुवायचं पाणी त्यांनीच दारात सांडलं होतं. तळ्याचं पाणी हिरवं झालेलं. वैद्य ते जखमेला लावू देईना.

बोधिसत्त्वाने ढोल उतरवून भिंतीला टेकवला, रिकामी घागर खांद्यावर घेतली आणि तो वाडीकडे चालू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो ढोलाशिवाय बाजारातून जात होता. काय होतंय ते बघायला लोक मागे निघाले. विहिरीवर त्याने घागर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "मला दवंडी द्यायची आहे. त्या घरात पाणी नाही. मला एकट्याला एकच घागर नेता येते, आणि वैद्याला दहा लागतील."

पुण्णक म्हणाला, "आमचं पाणी तोडणाऱ्याच्या घरी आमच्याच विहिरीचं पाणी?"

"तुला तहान लागली तर पाणी कुणाचं ते मी विचारत बसतो का, पुण्णक?"

तेवढ्यात सकाळी हाकलून दिलेल्या बायकांपैकी एक दार उघडून पुढे आली आणि तिने पोहरा विहिरीत सोडला. "आमच्या लेकरांना ताप आला की अक्काच काढा धाडते," ती म्हणाली. "भांडण पाटाचं आहे, तिचं नाही." मग आणखी चौघी पुढे झाल्या. शेवटी पुण्णकानेही मान खाली घालून एक घागर उचलली.

दारातल्या कुऱ्हाडवाल्यांनी पाहिलं, तर समोरून वाडीवाले येत होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर भरलेली घागर होती. कोतवालाने वाट अडवली. बोधिसत्त्व म्हणाला, "पुन्हा ओतायचं असेल तर ओता. पण मग अक्का गेली, तर कुणामुळे गेली तेही मला दवंडीत सांगावं लागेल." कोतवाल बाजूला झाला.

वैद्याने जखम धुतली, लेप लावला, पट्टी बांधली. रक्त थांबलं. पुण्णक दाराशी उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने अक्काने डोळे उघडले. तिची नजर फिरत फिरत त्याच्यावर येऊन थांबली.

"तू तो कोहळेवाला ना?" ती म्हणाली. "तुझा आवाज इथवर येत होता. पडल्या पडल्या ऐकत होते."

पुण्णक मटकन खाली बसला. तो रडू लागला.

"रडू नको. उद्या एक कोवळा कोहळा आण. वैद्य म्हणतोय, चार दिवस खिरीवरच काढायचे."

वैद्य हसला. सकाळपासून त्या घरात कुणी पहिल्यांदाच हसलं. बोधिसत्त्व पाणी प्यायला आणि त्याने विचारलं, "अक्का, काय सांगू?"

"जे पाहिलंस ते. आणि त्या बांधलेल्या माणसाला पाणी दिलंय का बघ. मी देते म्हणाले होते."

तेवढ्यात विशाख धावत आला. दारात कुऱ्हाडी होत्या, अंगणात घागरी होत्या. काय समजावं ते त्याला कळेना. बोधिसत्त्व म्हणाला, "जिवंत आहे." मंत्री पायरीवर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. कुणीतरी आपली कुऱ्हाड भिंतीआड ठेवली, मग बाकीच्यांनीही ठेवली.

बोधिसत्त्वाने बांधलेल्या माणसाला पाणी पाजलं, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि मग ढोल वाजला. "अक्का जिवंत आहे. मारणारा सापडला आहे. तो आपल्या नगरातला नाही, त्याला इथलं कुणी नावाने ओळखत नाही. महिनाभर तो आपल्या बाजारात बसून आपलं बोलणं ऐकत होता, असं त्यानेच मला सांगितलं. आपण ते थट्टेने बोललो. त्याने खरं मानलं."

त्या दिवशी वाडीत दारं उघडली आणि चुली पेटल्या. पाटाचं भांडण काही मिटलं नाही. ते पुढे आठ दिवस चाललं, पण बसून, बोलून चाललं.

एवढी कथा सभेतल्या भिक्खूंना सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा विशाख म्हणजे आताचा आनंद. मला जिने वाढवलं ती महाप्रजापती गौतमी तेव्हाची अनुला होती. पुण्णक तो आताचा भिक्खू काळुदायी आणि दवंडीवाला मीच."

एका भिक्खूने विचारलं, "आणि भन्ते, मारणारा? तो आपल्या वाईटावर टपलेला देवदत्तच असणार."

शास्ते म्हणाले, "तो कोण होता ते कळल्यावर तू काय करशील? कोहळा फोडशील?"

भिक्खू खजील झाला.

"आणि बाजारात हसणारे आणि दारात कुऱ्हाडी धरणारे म्हणजे आज इथे बसलेली ही सगळी सभा," शास्ते म्हणाले. "शेवटी हसणाऱ्यांनी घागर उचलली आणि दुसऱ्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, म्हणून तुम्ही आज इथे आहात. ज्याच्यावर राग आहे त्याच्याही घरची घागर भरून देणं, याला करुणा म्हणतात."